शब्दचर्चा: ‘शाश्वत’ पाकीट की ‘टिकाऊ’ पाकीट?

हाताने शिवलेल्या चामडी पाकिटांसोबत घालायच्या माहितीपत्रकाचा मजकूर मराठीत करतोय. मूळ मजकुरात दर दुसऱ्या वाक्यात ‘सस्टेनेबल’ आहे. सरकारी मराठीत ‘शाश्वत’ म्हणतात म्हणून तोच घातला, पण ‘शाश्वत पाकीट’ वाचून मलाच हसू आलं. ‘टिकाऊ’ म्हणावं तर नुसतं बळकट वाटतं. ‘पर्यावरणपूरक’ आता डिटर्जंटपासून सगळ्यांवर छापलेला असतो. शिवाय ‘व्हेजिटेबल टॅन्ड’ला काय म्हणावं? यंत्राने ‘भाजीपाल्याने कमावलेले’ असं दिलंय. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १

शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही असं. सत्य शाश्वत असेल, पाकीट कसं असेल? ‘शाश्वत विकास’ खपून जातो, कारण तिथे विशेषण एका चालू राहणाऱ्या गोष्टीला लागलंय. वस्तूला लावलं की नुसता बडेजाव उरतो.

‘सस्टेनेबल’ची कल्पना मुळात जंगलातली आहे. १७१३ साली सॅक्सनीतल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण-अधिकाऱ्याने वनांवरच्या ग्रंथात ती मांडली. खाणींना आणि धातू गाळायच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना झालं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जेवढं पुन्हा उगवतंय तेवढंच तोडा. म्हणजे प्रश्न पहिल्यापासून स्रोताचा होता: जिथून आणतोय तिथे पुढेही काही उरेल का?

‘टिकाऊ’ मात्र वस्तूबद्दल बोलतो. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे वस्तूच असते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, हे बरंच झालं. प्लॅस्टिकही टिकाऊ असतं, नको तितकं.

माझं मत विचाराल तर पत्रकातून ‘शाश्वत’ काढाच. त्याच्या जागी दुसरं विशेषण शोधू नका. मूळ लेखकाला प्रत्येक ठिकाणी नक्की काय म्हणायचं होतं ते त्यालाच विचारा आणि ते लिहा. दोन-तीन ठिकाणी त्याच्याकडेही उत्तर नसेल, अशी दाट शंका आहे.

प्रतिसाद २

‘भाजीपाल्याने’वर हसा खुशाल, पण यंत्राने क्रियापद अगदी बरोबर दिलंय. कातडं कमावणं हाच मराठी शब्द. कच्चं कातडं ओलं ठेवलं तर सडतं, वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. साल-फळांतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना धरून बसतं, तंतू एकमेकांशी बांधले जातात आणि मग ते सडतही नाही, कडकही होत नाही. पैलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, तेच हे क्रियापद. कच्च्या गोष्टीवर मेहनत आणि वेळ घातला की ती कमावलेली होते. असा शब्द हाताशी असताना ‘प्रक्रिया केलेलं चामडं’ लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

‘व्हेजिटेबल’साठी: बाभूळ, ओक, मिमोसा वगैरेंची साल वापरली असेल तर सरळ ‘झाडाच्या सालीने कमावलेलं’ लिहा. हिरडा हे फळ आहे, तेव्हा मिश्रण असेल तर ‘वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं’.

आणि ‘चामडी पाकीट’ नको, ‘चामड्याचं पाकीट’ करा. ‘चामडी’ म्हटलं की आधी ‘चामडी लोळवीन’ आठवतं.

प्रतिसाद ३

‘व्हेज टॅन’ वाचून ते शाकाहारी समजणारी माणसं मी पाहिली आहेत. वनस्पतीची फक्त साल, कातडं जनावराचंच! आणि ‘व्हेगन लेदर’ म्हणून जे मिळतं त्यात जनावर नसतं, पण बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा थर असतो. म्हणून पत्रकात ‘व्हेज’ हे लघुरूप अजिबात नको.

प्रतिसाद ४

दुसऱ्या प्रतिसादाला +१, पण ‘सालीने कमावलेलं’ लिहिलं की सगळं पवित्र झालं असं नाही.

आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियम धातूच्या क्षारांनी, कमावलं जातं. १८५८ मध्ये फ्रीडरिश क्नाप या जर्मन रसायनतज्ज्ञाने ही वाट दाखवली आणि १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झला अमेरिकेत पेटंट मिळाल्यावर ती कारखान्यांत शिरली. सालीच्या हौदात आठवडे किंवा महिने लागतात, क्रोमचं काम एखाद्या दिवसात होतं. त्यात वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. त्याचं षट्संयुजी क्रोमियम (त्याच धातूचं दुसरं रूप) झालं तर ते घातक असतं. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत या षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. ‘क्रोममुक्त’ हा शब्दही जपून वापरा. त्याचा अर्थ ‘सालीने कमावलेलं’ असा होत नाही, ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने कमावलेलं चामडंही क्रोममुक्तच असतं.

आता दुसरी बाजू. सालीच्या हौदातलं पाणी काळपट आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं असतं, तसंच ओढ्यात सोडलं तर ओढा मरतो. साल खोडाभोवती गोल सोलली तर झाडही मरतं. दक्षिण अमेरिकेत केब्राचो नावाचं झाड आहे. नाव स्पॅनिशमधलं, अर्थ ‘कुऱ्हाड मोडणारा’, म्हणजे आपल्याकडे ‘कुऱ्हाडमोड्या’ म्हटलं असतं. इतकं कठीण लाकूड, पण टॅनिन त्याच्या गाभ्यातच असल्यामुळे अर्जेंटिना आणि पॅराग्वेमधली केब्राचोची जंगलं टॅनिनच्या कारखान्यांनी उजाड केली. पहिल्या प्रतिसादातला कार्लोविट्झ इथेच लागू होतो. पाकीट झाडाच्या टॅनिनने कमावलेलं असेल, टिकाऊही असेल, पण जंगल संपवून आलेलं असेल तर त्याला कार्लोविट्झच्या अर्थाने ‘सस्टेनेबल’ कसं म्हणणार?

म्हणून पत्रकात झाडाचं नाव लिहा आणि साल लागवडीतली की रानातली तेही लिहा. मिमोसाची साल बहुतेक लागवडीतून येते. माहीत नसेल तर दावाच करू नका.

प्रतिसाद ५

शब्दांवरून कायदे झालेत, हेही इथे नोंदवतो. ब्राझीलमध्ये १९६५ पासून जनावराच्या कातड्याखेरीज कशालाही चामडं म्हणून विकायला बंदी आहे, ‘कृत्रिम चामडं’ म्हणायलाही. इटलीनेही २०२० मध्ये तसाच कायदा केला. युरोपीय मानकानुसार चामड्यावर चढवलेला थर ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला नुसतं ‘चामडं’ म्हणता येत नाही, ‘थर दिलेलं चामडं’ म्हणावं लागतं. आपण मात्र ‘जेन्युइन लेदर’ वाचून खूश होतो! चुरा चिकटवून केलेल्या ‘बाँडेड लेदर’ला मी तरी ‘चुऱ्याचं चामडं’ म्हणतो. त्याचे पापुद्रे का निघतात ते नावातच कळतं.

धागालेखक

सगळ्यांचे आभार. मूळ लेखकाला विचारलं. निम्म्या ठिकाणी त्याला ‘दुरुस्त करता येतं’ एवढंच म्हणायचं होतं! त्याची शिलाई सॅडल स्टिच आहे. याला मराठी शब्द? आणि ‘पॅटिना’ला?

प्रतिसाद २ (पुन्हा)

काम करणारे ‘सॅडल स्टिच’च म्हणतात, तेच ठेवा. ‘खोगीर-टाका’ वगैरे करत बसू नका. त्यापेक्षा ती कशी असते ते सांगा: मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात आणि तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो. मशीनच्या टाक्यात दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की ओळ उसवू लागते. हे वाचल्यावर ‘सस्टेनेबल’ची गरज कुणाला?

‘पॅटिना’ला रापणे. ऊन-वाऱ्याने चेहरा रापतो, तसंच सालीचं चामडं उजेडाने आणि हाताच्या तेलाने गडद होत जातं. काही जण ‘मुरणे’ म्हणतील, पण मुरणं आत घडतं आणि हे वर दिसतं. ‘वापराने रापत जाईल’ एवढं वाक्य पुरे. मात्र लिहिण्याआधी पाकिटाची कापलेली कड बघून घ्या. आतला गाभा निळसर-करडा दिसला तर चामडं क्रोमचं असण्याची शक्यता बरीच, आणि ते असं रापत नाही. मग हे वाक्य आणि सालीचं वाक्य, दोन्ही गाळावी लागतील.