फौजी डिस्काउंट नेमकं कोणाकोणाला मिळतं? घरचे ११ जण आहोत

पाचोऱ्याचा_धाकटा

राम राम मंडळी. माझा मोठा भाऊ आर्मीत नायक आहे, पोस्टिंग राजस्थानला, आणि यावर्षी पहिल्यांदाच त्याला मे महिन्यात सुट्टी मिळालीये, नाहीतर तो येतो तेव्हा एकतर कापूस वेचणी चालू असते नाहीतर पोरांच्या परीक्षा. पोरांनी महिनाभरापासून धोशा लावलाय की दादा आला की खोपोलीला इमॅजिका पार्कला जायचं म्हणजे जायचं. दादा पण म्हणाला की सगळे चला, कोणाला मागे ठेवायचं नाही.

तर आम्ही असे: दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, आई, बाबा (वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर), मी, माझी बायको, आमचा मुलगा, आणि काका-काकू. काका पण फौजीच, हवालदार म्हणून १९९९ ला पेन्शनवर आले. ११ जणांचं तिकीट, जेवण, गाडीभाडं धरलं तर आकडा बघूनच धडकी भरते, म्हणून विचारतोय की मिलिटरीवाल्यांना पार्कमध्ये जी सूट असते ती नक्की कोणाला असते? वहिनीला नेटवर एक यादी सापडली, त्यात लिहिलंय चालू नोकरीवाले, रिटायर, रिझर्व्हवाले, त्यांची बायको, आणि एका कार्डावर ६ तिकिटं. दोन कार्डं आपल्याकडे, म्हणजे १२ झाले, सगळेच बसतात असं तिचं गणित आहे. खरंय का हे? आणि दादा गाडीत असला तर टोल माफ होतो का, ते पण सांगा.

रावेर_ते_फ्लोरिडा

भाऊ, वहिनींना सापडलेली यादी मला वाचल्याबरोबर ओळखू आली, ती इथली आहे, अमेरिकेतली. ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे त्यांच्या मिलिटरी तिकिटाचे हे नियम. मी इथून दोन तासांवर राहतो, गावाकडून कोणी आलं की तिकडे फेरी ठरलेलीच, त्यामुळे हे बरंच पाठ झालंय.

तिथे अमेरिकन फौजेतले चालू नोकरीवाले, रिझर्व्ह, नॅशनल गार्ड, कोस्ट गार्ड आणि रिटायर लोक यांना सूट आहे. बायकोला किंवा नवऱ्याला पण घेता येतं पण फौजीच्या ऐवजी, म्हणजे दोघांनी वेगवेगळी ६-६ तिकिटं घ्यायची असं चालत नाही, एका घराला ६ च. कार्ड दाखवावं लागतं, आणि ज्याच्या नावावर सूट तो किंवा त्याची जोडीदार सोबत पाहिजेच, तिकिटं काढून मित्राला देऊन टाकली असं होत नाही. गर्दीच्या सणाचे काही दिवस ते तिकीट चालत पण नाही.

आणि रिटायर म्हणजे खरंच रिटायर. माझा एक शेजारी नेव्हीत २२ वर्षं करून निघाला, त्याला मिळतं. समोरच्या घरातला ४ वर्षं करून बाहेर पडला, त्याला डिस्नेत मिळत नाही, कारण इथे पेन्शनचं रिटायरमेंट साधारण २० वर्षांनी लागतं आणि त्याआधी सुटलेला नुसता व्हेटरन, म्हणजे माजी फौजी. शंभर टक्के अपंगत्व सेवेमुळे आलेलं असेल तर त्यांना धरतात. सी वर्ल्डचं वेगळंच, तिथे चालू नोकरीवाल्याला वर्षातून एकदा फुकट आणि सोबत घरचे तीन जण. म्हणजे एकाच शहरात दोन पार्क आणि दोन तऱ्हा.

आपल्या फौजेचं कार्ड इथे कुठेच चालत नाही बरं का. माझे मामा (सुभेदार रिटायर) आले होते, मोठ्या हौसेने कार्ड खिशात घेऊन आलेले, काउंटरवरच्या बाईने दोन्ही हातात धरून बघितलं, सर म्हणून थँक्यू म्हणाली आणि तिकीट पूर्ण किमतीचंच दिलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही पण मला वाटलं.

चाळीसगाव_माजी_सैनिक

जय हिंद. मी स्वतः २४ वर्षं काढलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही की आपल्याकडे खाजगी पार्कने फौजीला सूट द्यावी असा कुठला सरकारी नियम नाही. पार्कवाले आपल्या मनाने देतात, कोणी २६ जानेवारी १५ ऑगस्टच्या आसपास देतात, कोणी वर्षभर, कोणी फक्त काउंटरवर आणि ऑनलाइनला नाही, कोणी उलटं. त्यामुळे नेटवरची जुनी पोस्ट वाचून निघू नका, निघायच्या दोन दिवस आधी फोन लावा आणि ज्याच्याशी बोलाल त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. जमलं तर मेलवर उत्तर मागा, गेटवर तेच दाखवायचं.

आता तुमच्या घरचं बघू. दादा चालू नोकरीत, त्याचं काही विचारायला नको. वहिनी आणि पोरं, त्यांची डिपेंडंट (फौजीवर अवलंबून असलेल्यांची) कार्डं असतील ती सोबत घ्या. आई-बाबा इथे लोक नेहमी फसतात. आपल्याला वाटतं मुलगा फौजी म्हणजे आई-वडील आपोआप डिपेंडंट, तसं नाही. ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) बघा, आई-वडिलांचं दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न ९००० अधिक डीए (महागाई भत्ता) याच्यावर असेल तर डिपेंडंट धरत नाहीत, आणि तुमचे बाबा तर फॅक्टरीची पेन्शन घेतात. वरणगाव भुसावळच्या फॅक्टरीतले लोक संरक्षण खात्याचे खरे पण सिव्हिलियन, त्यांना फौजी म्हणत नाहीत. आता तर २०२१ च्या ऑक्टोबरपासून त्या फॅक्टऱ्यांच्या कंपन्या झाल्या. फॅक्टरीचं कार्ड दाखवून बघा, हरकत नाही, पण त्यावर हिशोब धरू नका.

तुम्ही, तुमची बायको, मुलगा हे दादाचे डिपेंडंट होत नाहीत. भाऊ कितीही जवळचा असला तरी कागदावर नाही.

काका हे पेन्शनवाले माजी सैनिक, म्हणजे एकदम पक्के. पण त्यांच्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र आहे का हे आज रात्रीच विचारा. खूप जणांनी काढलेलंच नसतं.

आणि एक हात जोडून विनंती. दादाच्या आय-कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पार्कवाल्याला पाठवू नका, झेरॉक्स पण देऊ नका, फौजेत त्याला सक्त मनाई आहे. गेटवर हातात दाखवायचं, परत खिशात. कोणी म्हणालं की फोटो पाठवल्याशिवाय बुकिंग होत नाही तर ती सूट सोडून द्या.

टोलचं म्हणाल तर १९०१ चा कायदा आहे तो ड्युटीवरच्या फौजीसाठी. सुट्टीवर स्वतःच्या गाडीने घरच्यांना घेऊन चाललाय तर टोल भरायचा. शौर्य पदकवाल्यांची गोष्ट वेगळी.

अमळनेरची_लेक

काकांच्या कार्डाबद्दल वरती लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझे आप्पा शिपाई म्हणून भरती झाले आणि १७ वर्षं करून नायक म्हणून घरी आले. त्यांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीचं पुस्तक) लोखंडी पेटीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वरून रबर. दिवाळीत मी, माझे मिस्टर, दोन मुली आणि आप्पा असे एका वॉटर पार्कला गेलो (नाव लिहीत नाही). साइटवर स्पष्ट लिहिलेलं की माजी सैनिकांना सूट. आप्पांनी पिशवी सोडली, रबर काढून मनगटात घातलं, आणि पुस्तक उघडून काउंटरच्या खिडकीतून आत सरकवलं. आतला पोरगा विशीतला असेल. पहिल्या पानावर आप्पांचा १९ वर्षांचा फोटो, मिशीसुद्धा फुटलेली नाही, आणि समोर ६४ वर्षांचे आप्पा टोपी घालून. तो पोरगा दोनदा वर बघून म्हणाला आजोबा हे चालत नाही, कार्ड पाहिजे, यावरून कळत नाही हे तुम्हीच आहात. तो उद्धट नव्हता, त्याला तेवढंच सांगितलेलं होतं. पण मागे रांग, ऊन, आणि आप्पा तिथे उभं राहून पानं पुन्हा नीट लावत होते, घाई न करता, मग रबर लावलं. म्हणाले चल बेटा, पूर्ण पैसे दे, पोरी ताटकळल्या.

मला दीडदोनशे रुपयांचं काहीच वाटलं नाही. त्यांनी ते पुस्तक आपण होऊन कोणाला दाखवलेलं मी लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं, आणि दाखवलं तेव्हा परत घ्यावं लागलं, ते मला अजून टोचतं.

दिवाळी संपल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांना जळगावला सैनिक कल्याण कार्यालयात नेलं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, फोटो, एवढं घेऊन जा, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही (ही झेरॉक्स चालते, ती चालू नोकरीवाल्याच्या आय-कार्डाची नाही चालत). कार्ड आता त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असतं. भाऊ, काकांना गेटवर उभं करायच्या आधी हे काम करा.

पांझराकाठी_धुळे

माझा मोठा मुलगा सीआरपीएफमध्ये आहे आणि लहाना अग्निवीर, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह खात्याची दलं आहेत, संरक्षण खात्याची नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांना माजी सैनिक म्हणत नाहीत, २०१२ मध्ये त्यांच्यासाठी माजी सीएपीएफ (म्हणजे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातले) असा वेगळा दर्जा झाला. कॅन्टीन पण वेगळं. त्यामुळे पार्कच्या बोर्डावर नुसतं डिफेन्स लिहिलं असेल तर विचारून घ्यायचं की पॅरामिलिटरी धरता का. काही धरतात, काही नाही. माझा पोरगा छत्तीसगडच्या जंगलात चार वर्षं होता, आणि एका ठिकाणी त्याला सांगितलं की तुम्ही आर्मीत नाही. तो काही बोलला नाही. मी बोललो, पण उपयोग झाला नाही. इथे धुळ्यात एसआरपीएफचा ग्रुप ६ आहे, ते तर राज्य पोलीस, त्यांच्या पोरांना पण हाच अनुभव.

अग्निवीर चालू नोकरीत असताना पूर्ण फौजी, आय-कार्ड आहे, सूट मिळायला पाहिजे. पण अग्निवीरांची ही योजना जून २०२२ ला आली तेव्हाच स्पष्ट होतं की चार वर्षांनी जे बाहेर पडतील त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जा पण नाही. १०० मधले २५ पुढे राहतील. म्हणजे बाहेर आलेल्या पोराकडे गेटवर दाखवायला कार्ड कुठलं? वरती त्या भाऊने अमेरिकेतल्या ४ वर्षंवाल्या शेजाऱ्याचं लिहिलंय ना, ते वाचून मला माझा लहानाच आठवला. पार्कवाल्यांनी तरी यांना धरावं, त्यांचे चार उन्हाळे कुठे गेलेत ते आम्हाला माहीत.

पाचोरेकर भो, काकासले पहिले कार्ड काढी द्या, बाकी मग.

पारोळा_आई

मी वीरपत्नी आहे. मुलगा सातवीत. सैनिक कल्याण कार्यालयाचं कार्ड माझ्या नावाने मिळालेलं आहे, आणि ते दाखवल्यावर मला आणि मुलाला सूट दिली, एका ठिकाणी तर तिकीटच घेतलं नाही, मॅनेजर स्वतः आत सोडायला आले. ज्या ताईंना वाटतं की मिस्टर नाहीत तर आपण कशाला विचारायचं, त्यांनी विचारा. मी तीन वर्षं विचारत नव्हते.

फक्त एक अडचण. मुलगा शाळेच्या सहलीला किंवा मामासोबत गेला तर त्याला सूट मिळत नाही, कार्डवाली व्यक्ती सोबत पाहिजे म्हणतात. त्याच्या नावाचं डिपेंडंट कार्ड असलं तर चालतं का?

चाळीसगाव_माजी_सैनिक

ताई, जय हिंद. मुलाचं डिपेंडंट कार्ड नक्की करून घ्या, ते बाकी ठिकाणी पण लागतंच. पण पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी सूट कार्डधारकाच्या हजेरीवर असते, त्यामुळे सहलीच्या वेळी शाळेकडून आधी पत्र द्यायला लावा. शाळेच्या ग्रुपचा रेट तसाही कमी असतो, तुमच्या पत्राने त्यातही काही होऊ शकतं. पत्र लिहायला मदत लागली तर इथेच सांगा, मी लिहून देतो.

पाचोऱ्याचा_धाकटा

सगळ्यांचे आभार, खरंच. काल रात्री काकांना विचारलं. कार्ड नाहीये. २५ वर्षांत काढलंच नाही, म्हणे काय गरज पडली. डिस्चार्ज बुक काकूंच्या साड्यांच्या खाली निघालं. अमळनेरच्या ताईंचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग काकूंना म्हणाले फोटो काढायला चांगला शर्ट इस्त्री करून ठेव. उद्या सकाळच्या पॅसेंजरने जळगावला जातोय दोघं.

पार्कला फोन लावला. ते म्हणाले कार्डधारक, त्याची बायको आणि मुलं एवढ्यांना सूट, काउंटरवर, ओरिजिनल कार्ड दाखवून. म्हणजे दादाचे चार आणि कार्ड वेळेत आलं तर काका-काकू, असे सहा. बाकी आम्ही पाच जण पूर्ण तिकिटाने, त्यातही पोराला उंचीप्रमाणे कमी लागेल. आई म्हणते ती राइडमध्ये बसणारच नाही, तिचं तिकीट कशाला, पण दादाने फोनवरच सांगितलंय की आईचं तिकीट पहिलं काढायचं.

वहिनीला अमेरिकेचं सांगितलं तर ती म्हणे मग ती यादी आपल्या इथे पण लागू करायला सांगा कोणीतरी.

टोलचे पैसे धरलेत हिशोबात. कल्याणपर्यंत रेल्वे आणि पुढे खोपोली लोकल स्वस्त पडेल का, ११ जण आणि सामान घेऊन कोणी गेलंय का तसं?