एकच घर, पण दोन बालपणं

‘रक्त एक, घर एक, मग भावंडं इतकी वेगळी कशी?’ असं अनेकदा विचारलं जातं. मुळात रक्तही अगदी एक नसतं. सख्ख्या भावंडांत निम्मी जनुकं सामाईक असतात ही सरासरी झाली. जनुकशास्त्रज्ञ पीटर विशर यांच्या गटाने 2006 मध्ये भावंडांच्या 4,401 जोड्या तपासल्या, तेव्हा हे प्रमाण सुमारे 37 ते 62 टक्के निघालं. केवढी तफावत!

आणि घर तरी एक कुठे असतं? बाबांची नोकरी गेली तेव्हा मी चौदाची होते, धाकटा चारचा. दाराआडून आईबाबांचं दबक्या आवाजातलं बोलणं मी रात्ररात्र ऐकायचे. त्याला मात्र एवढंच आठवतं, की बाबा दिवसभर घरी असायचे आणि त्याला खांद्यावर घेऊन फिरायचे. आजही पैसे खर्च करताना माझा हात थरथरतो, त्याचा नाही.