मदत हवी आहे : पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सोडून दिलेले दोन ससे

नमस्कार. आज सकाळी तळजाईला फिरायला गेले होते. कुंपणाजवळ डाळिंबाचं खोकं दिसलं, वरून जुनी ओढणी बांधलेली. आत दोन पांढरेशुभ्र ससे, एक अख्खं गाजर आणि बिस्किटांचा चुरा. दोन कुत्री भोवती घिरट्या घालत होती. खोकं तसंच उचलून घरी आणलं.

एकाची नखं इतकी वाढलीत की फरशीवर पाय नीट टेकत नाही, पण तो मेथी खातोय. धाकटा मात्र बाल्कनीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. कोथिंबीर नाकाशी नेली तरी मान फिरवतो. आणल्यापासून एक लेंडीही टाकलेली नाही. मी आजवर मांजरंच पाळली, सशांचं मला काही माहीत नाही.

वॉचमनकाका म्हणाले, "ताई, कशाला आणलंत? सशाचं घर रानातच." सोडणाऱ्यालाही असंच वाटलं असेल, आणि तेच मला फार लागलंय. आपल्या टेकड्यांवरचा, मानेवर काळा डाग असलेला तपकिरी ससा हा वेगळाच प्राणी. त्याची पिल्लं उघड्या रानात, डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचं मूळ युरोपातलं, त्याची पिल्लं जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात. आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून हा घोळ. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा जीव सुक्या गवतात लपणार तरी कसा?

सहकारनगर-धनकवडीकडे ससे तपासणारे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का? आणि पुढे कायमचं घर हवंय, पण वाढदिवसाची भेट म्हणून कृपया नको. नीट सांभाळला तर ससा ८-१० वर्षं जगतो. दुसरीतल्या मुलासाठी आणलेला ससा त्याच्या बारावीपर्यंत घरात असतो, हे आधी मोठ्यांनी मान्य करायला हवं.

प्रतिसाद : ताई, धाकट्याला आजच न्या, उद्यावर टाकू नका. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. १०-१२ तास खाणं बंद म्हणजे जिवावरचं दुखणं. डॉक्टरांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. घरात मांजरांच्या पिसवांचा फिप्रोनिलचा फवारा असेल तर तो अजिबात मारू नका, सशांना विषारी असतो. ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिकही तोंडावाटे देऊ नका. दोघांना आत्ताच वेगळं करा, मधे जाळी ठेवा. मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. मुख्य खाणं वाळलेलं गवत, गाजर अगदी थोडं. दुपारी बाल्कनीत ठेवू नका, ३० अंशांच्या वर त्यांना सोसत नाही. खोक्याचा फोटो जपून ठेवा. प्राण्याला उपासमार होईल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

धागाकर्ती : खूप आभार, लगेच गेलो. धाकटी मादी निघाली. दाढा वाढून जिभेला टोचत होत्या, म्हणून खात नव्हती. त्या घासल्या, सलाईन दिलं. गाभण आहे का ते १०-१२ दिवसांनी पुन्हा बघणार आहेत. रात्री साडेअकराला गवताची एक काडी स्वतःहून ओढली, आणि आत्ता ट्रेमध्ये सहा लेंड्या मोजल्या. दोघांसाठी घर शोधतेच आहे, कोणी असेल तर कळवा.