दहावीनंतर इलेक्ट्रिकल डिप्लोमा की बारावी करून डिग्री?

धागाकर्ता: पुतणी दहावी झाली. इलेक्ट्रिकलच करायचं म्हणते. घरात दोन तट पडलेत. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मत द्यावं.

फीडरवाला: डिप्लोमा. तीन वर्षांनी थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे एकूण सहाच वर्षं. बारावीमार्गेही तेवढीच. डिग्रीची नवी मुलं सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मोजण्याइतका लहान करतो) गुणोत्तर तोंडपाठ सांगतात आणि चालू फीडरवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या लाइनवर, मीटर बदलताना सीटीच्या वायरी तशाच सोडायला जातात! सीटीच्या प्रायमरीत (लाइनच्या बाजूला) करंट असताना सेकंडरी (मीटरची बाजू) उघडी पडली तर टर्मिनलवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. आधी शॉर्टिंग लिंक लावून सेकंडरीची टोकं एकमेकांना जोडायची, मग बाकीचं. हे अंगात भिनावं लागतं.

रिलेसेटिंग: साफ असहमत. लिंक लावणं आठवड्यात शिकवता येतं, गणित नाही. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचं पहिल्या वर्षाचं गणित हुकतं आणि समोर एम-थ्रीत (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात) एकदम लाप्लास येतं. माझ्या वर्गातली चांगली हुशार मुलं एम-थ्रीत अडकली होती. शिवाय काम बदललंय. सोलर इन्व्हर्टर फॉल्टमध्ये (शॉर्ट सर्किट वगैरे झालं तर) साधारण रेटेड करंटच्या 1.1 ते 1.5 पटच देतो, सिंक्रोनस जनरेटर कितीतरी जास्त. करंट ठरावीक मर्यादेवर गेला की लाइन तोडायला लावणाऱ्या रिलेच्या जुन्या ओव्हरकरंट सेटिंगला तो फॉल्ट दिसतच नाही. तिथे पाया कच्चा असून कसं चालेल?

फीडरवाला: एम-थ्रीची तयारी सुट्टीत होते हो. पण घरी अडचण आली आणि डिग्री मध्येच सुटली तर हातात काय? डिप्लोमावाला एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागू शकतो. आमच्यासारख्या घरांत हा मुद्दा सगळ्यात मोठा.

टेस्टिंगवाली: प्रश्न मुलीचा आहे म्हणून लिहिते. मलाही डिग्री झाल्यावर साइटऐवजी टेंडरच्या टेबलावर बसवत होते. डिप्लोमात पॅनेल वायरिंग केलेलं होतं, म्हणून रिले टेस्टिंग किट मागून घ्यायचा धीर झाला. बारावीमार्गे आलेल्या मैत्रिणी त्याच टेबलावर राहिल्या. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या, याचा मला अजून राग येतो.

रिलेसेटिंग: तो दोष नेमणाऱ्यांचा, बारावीचा नव्हे. एनटीपीसी, पॉवरग्रिड या सरकारी वीज कंपन्यांची इंजिनीअर ट्रेनी भरती गेट या इंजिनीअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर होत आलीय आणि गेटला गणित लागतंच. मी डिग्रीच म्हणेन. तरी पॉलिटेक्निक बघायचंच असेल तर मशीन लॅब उघडायला लावा. अल्टरनेटर सिंक्रोनाइझ करायचं (चालू पुरवठ्याशी जुळवून जोडायचं) पॅनेल मुलांना स्वतः हाताळू देतात का, ते तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. देत नसतील तर फीडरवाल्यांचा अर्धा मुद्दा तिथेच संपला.