ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर अभ्यास : इंटरव्ह्यू घेऊ की ग्रुप डिस्कशन?

मृण्मयी_एमएसडब्ल्यू
नमस्कार मंडळी, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) दुसऱ्या वर्षाला आहे, विषय घेतलाय ऊसतोड कामगार बायकांचं आरोग्य, गाव बीडच्या केज तालुक्यातलं. गाईड म्हणतात प्रश्नावली नको, क्वालिटेटिव्ह कर. आता इंटरव्ह्यू, एफजीडी (ठरलेल्या विषयावर गटचर्चा) की निरीक्षण? पुस्तकात सगळ्यांचे फायदे-तोटे दिलेत पण माझ्या विषयाला काय चालेल ते कळत नाहीये. आणि किती बायकांशी बोललं की पुरे होतं? प्लीज सांगा कोणीतरी.

रानवाट
मृण्मयी, आधी कधी आणि कुठे बोलणार ते ठरव, मेथड नंतर. हंगामात बाई पहाटे उठून स्वयंपाक उरकते, मग फडात, नवरा तोडतो ती मोळ्या बांधते, वाहते, रात्री गाडी आली की भरायला परत उठायचं, तिला तू तासभर बस कशी म्हणणार? त्यात टोळी नेणारा मुकादम आसपास असतो, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते, त्याच्यासमोर ती "सगळं बरंय" एवढंच बोलेल. म्हणून सविस्तर इंटरव्ह्यू गावातच घे, पावसाळ्यात, लोक घरी असतात तेव्हा. कारखान्यावर जायचं ते निरीक्षणासाठी: पाणी किती लांबून आणतात, आंघोळ कुठे, पाळीच्या दिवसांत काय करतात, लेकरू कुणाजवळ ठेवतात.

आणि "तुम्हाला आरोग्याच्या काय समस्या आहेत" असं विचारूच नकोस, "काय नाय ताई" म्हणून विषय संपतो. "मागच्या हंगामात अंगावर काढलं असं कधी झालं का, त्या दिवशी काय झालं सांगा की" असं विचार. मग खाडा, कापलेले पैसे, दवाखाना, नवऱ्याची चिडचिड सगळं आपोआप येतं.

सुनंदा_फील्डवर्क
रानवाट यांच्याशी सहमत. एफजीडी घ्याच पण सहा ते दहा बायका, आणि सासू-सून एका गटात नको, मुकादमाच्या घरची बाई तर अजिबात नको. गटात कामाचं, मजुरीचं, पाण्याचं भरपूर बोलतात, पिशवी (गर्भाशय) काढल्याचं मात्र एकटीलाच विचारायचं. 2019 मध्ये बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, सर्व्हे झाला. त्यातून किती जणींची पिशवी काढली ते समजतं, पण त्या बाईला ऑपरेशनचं कोणी सुचवलं, पैसे कुणाकडून उचलले, घरात कोण काय बोललं, हे तिच्याशी बसून बोलल्याशिवाय कसं कळणार?

अजून एक, अंगणात रांगोळीने बारा महिन्यांचे बारा चौकोन काढायचे आणि आजारपण, कर्ज, काम प्रत्येकासाठी ज्वारीचे दाणे ठेवायला सांगायचे. पीआरएमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनाच सामील करून माहिती काढायच्या पद्धतीत, याला हंगामी कॅलेंडर म्हणतात. लिहिता-वाचता न येणारी बाई पण त्यात पुढे होऊन बोलते, दाण्यांवरून आपापसात वाद घालतात, तो वाद लिहून घ्या, तोच खरा डेटा.

जुना_विद्यार्थी
आकड्याबद्दल. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये सॅच्युरेशनची कल्पना मांडली, म्हणजे नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. 2006 मध्ये गेस्ट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांच्या 60 मुलाखती तपासल्या, बहुतेक मुद्दे पहिल्या बारातच आले होते. पण त्या बायकांची परिस्थिती बरीचशी सारखी होती. तुमच्याकडे गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर (ऊस कसा वाहतात त्यावरून पडलेले टोळ्यांचे प्रकार) यांचं काम वेगळं, एकट्या बाईचं अजून वेगळं, तेव्हा बारा आकडा धरून बसू नका, सगळ्या प्रकारच्या बायका येतात का ते बघा.

ओव्या पण ऐका. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात, माहेर, नवरा, कष्ट यावर बायका त्यात जेवढं बोलल्यात तेवढं समोरासमोर बोलत नाहीत. म्हाताऱ्या बायकांना विचाराच.

मृण्मयी_एमएसडब्ल्यू
खूप आभार सगळ्यांचे!! एकच अडचण, घरात गेलं की सासू शेजारी येऊन बसते, उठत नाही. मग काय करायचं?

रानवाट
तिलाच आधी विचार, तिनेही आयुष्यभर ऊस तोडलेला असतो, तिची पण मुलाखत घे. सुनेसोबत मग खुरपणीला जा, ओळीला बसून बोल. तिथे रेकॉर्डर नसला तरी चालेल पण तू अभ्यासासाठी विचारतेयस, नाव कुठे येणार नाही, नको वाटलं तर सांगू नका, हे तिला अगोदर स्पष्ट सांग. आणि संध्याकाळी जेवायच्या आधी डायरी लिही, तिचेच शब्द, तिच्याच बोलीत, सकाळपर्यंत थांबलीस की ते शब्द तुझे होऊन जातात.