स्वस्त गोल्फ बॉल: तळ्यातच घालायचा, तर महाग कशाला?

तळ्यात_मळ्यात
न्यू जर्सीत काउंटीच्या कोर्सवर तीन वर्षं खेळतोय. सुरुवात चाळिशीत, हँडिकॅप २४ (हा आकडा जितका मोठा, तितका खेळाडू कच्चा), आणि ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारलेला बॉल उजवीकडेच जाणार हे आता तिथल्या झाडांनाही पाठ झालंय. एका राउंडला चार-पाच बॉल गमावतो. आमच्या शनिवारच्या चौकडीतले दोघं टायटलिस्टच्या प्रो व्ही१शिवाय दुसऱ्या बॉलला हात लावत नाहीत. डझनाला पन्नास डॉलरच्या वर. म्हणजे एकेक बॉल बुडाला की चार-साडेचार डॉलर गेले! मी श्रिक्सनचा सॉफ्ट फील घेतो, डझन पंचविसाच्या आतबाहेर मिळतो.

नियमांनी तर सगळ्यांना एकाच मापात बसवलंय. व्यास ४२.६७ मिमीहून कमी नको, वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर नको, सुटतानाच्या वेगालाही मर्यादा. मग दुप्पट पैसे कशाचे? डब्याचे?

टोलेजंग
डब्याचे नाही, सालीचे. सॉफ्ट फीलला आयोनोमर नावाच्या कडक प्लास्टिकची साल असते. चिवट, दगडावर आपटली तरी सहसा फाटत नाही. प्रो व्ही१ला युरेथेन या मऊ प्लास्टिकची, आणि तिच्या खाली एक कडक थर. वेजने, म्हणजे जवळून उंच उडवायच्या काठीने, मारलं की ती मऊ साल वेजच्या खाचा आणि आतला थर यांच्यात चिमटली जाते, म्हणून बॉलला फिरकी मिळते. ड्रायव्हरच्या फटक्यात सालीचा हा परिणाम फारसा दिसत नाही. तुम्ही टी-वरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यावरून, तुलना करता, म्हणून तुम्हाला सगळे सारखे वाटतात. तीस यार्डांवरून चिप करा, म्हणजे ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर) हलकेच टाका, मग बोला.

तळ्यात_मळ्यात
तीस यार्डांत पोचेपर्यंत माझा दुसरा बॉल चालू असतो हो.

सोनटक्का
भांडताय कशाला? किर्कलंड घ्या, कॉस्टको या घाऊक दुकानाचा स्वतःचा ब्रँड. २०१६च्या शेवटी कॉस्टकोने चार थरांचा युरेथेन बॉल काढला, दोन डझन ३० डॉलरला. हा हा म्हणता माल संपला. टायटलिस्ट ज्यांचा, त्या अकुश्नेटने पेटंटवरून पत्र धाडलं. २०१७मध्ये कॉस्टकोच कोर्टात गेली, मग अकुश्नेटचा उलट दावा, आणि २०१८ला तडजोड. आत्ताचा बॉल तो नव्हे, हा तीन थरांचा आहे. पण साल युरेथेनचीच. आमच्याकडे बदामाच्या पिशवीबरोबर कार्टमध्ये पडतो. अवांतर: बदामही तिथलेच बरे.

टोलेजंग
चिपिंगला छान आहे, मान्य. पण माझ्या हातून तो ड्रायव्हरवरही जास्त फिरतो. धागाकर्त्यांच्या स्लाइसला, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या बॉलला, ते आणखी खतपाणी. युरेथेनच हवं आणि खिसाही सांभाळायचा, तर क्यू-स्टार टूर किंवा मॅक्सफ्लाय टूर बघा. आणि 'मऊ बॉल लांब जातो' ही समजूत आधी सोडा. मऊ बॉल हाताला गोड लागतो, पण जोरात स्विंग असणाऱ्याचा वेग त्यात थोडा कमीच होतो.

पुणेरी_पटर
तुम्ही डॉलरमध्ये रडता! इथे आयात केलेला डबा घेताना कसं वाटतं ते विचारू नका. मी येरवड्याला खेळते, आणि नवा बॉल फक्त स्पर्धेला काढते. एरवी सापडलेले, धुऊन निवडलेले. युरेथेनवाला स्वस्तात मिळतो आणि हरवला तरी जीव तुटत नाही.

एकच सांगते. नुसता धुतलेला बॉल वेगळा आणि वरून रंग मारलेला वेगळा. रंगाने बॉलवरच्या खळ्या भरतात आणि हवेत त्याला उचलून धरणाऱ्या त्याच असतात. शिवाय रंगाखाली जखमा लपतात. एकदा एका दुकानातून चकचकीत डझन आणलं, आठवड्यात पापुद्रे सुटले. त्यापेक्षा थोडा पिवळसर, ओरखडे नसलेला घ्यावा.

सोनटक्का
+१. पण ताई, तळ्यात किती दिवस होता ते कसं कळणार?

पुणेरी_पटर
नाहीच कळत. म्हणून तो सरावाला आणि मित्रांबरोबरच्या राउंडला. आणि दादा, पाच बॉल गेले तर पाचही एकाच जातीचे असू द्या. दर होलला वेगळा बॉल काढला, तर चिप किती घरंगळेल याचा अंदाज जन्मात येणार नाही.

तळ्यात_मळ्यात
काल संध्याकाळी करून पाहिलं. ग्रीनच्या कडेपासून पंचवीस पावलांवर उभा राहिलो, दहा चिप सॉफ्ट फीलच्या, दहा मित्राकडून उसन्या आणलेल्या प्रो व्ही१च्या. तीन-चार नीट लागल्याच नाहीत, त्या सोडल्या. बाकीच्यांत माझा बॉल टप्प्यानंतर अकरा-बारा पावलं घरंगळत होता, तो सात-आठात थांबत होता. फरक आहे. नाही कसं म्हणू?

पण म्हणून मी मत बदललं असं समजू नका. माझा बॉल जास्त घरंगळतो हे आता कळलं, तर मी अलीकडे टाकीन. फुकटात झालं.

आज सकाळी खेळलो तेव्हा सातव्या होलवर मुद्दाम एक त्याचा मारला, एक माझा. दोन्ही त्याच तळ्यात, हाताच्या अंतरावर. एकाचे दोन डॉलर, दुसऱ्याचे साडेचार, आणि तो उसना होता म्हणून भरूनही द्यायचाय. आता बोला.

टोलेजंग
त्या सातव्यावर तळ्याच्या अलीकडे सहा नंबरच्या आयर्नने, ड्रायव्हरहून कमी पल्ल्याच्या काठीने, ठेवायचा असतो. ड्रायव्हर काढायला कोणी सांगितलं होतं?