सल्ला हवा: विज्ञानकथेतली विनोदी प्रेमकथा, जास्तीत जास्त 13 भागांची ॲनिमे

मेघमल्हार
अंतराळ, परग्रह, रोबो काहीही चालेल, पण मालिका माणसांच्या स्वभावावर चालणारी हवी. भाग 13च्या आत, गोष्ट पूर्ण झालेली, आणि एका नायकामागे पाच नायिका नकोत. रोज रात्री एकच भाग बघणार. सबटायटल चालतील.

गोंदण
'उरुसेई यात्सुरा'. 1981 ते 1986, 195 भाग. दुसरीकडे बघूच नका. परग्रहावरचे ओनी, म्हणजे शिंगं असलेले जपानी राक्षस, पृथ्वी घ्यायला येतात आणि फैसला ठरतो पकडापकडीवर: शाळकरी अतारूने दहा दिवसांत त्यांच्या राजकन्येची, लमची, शिंगं धरायची. तो धरतो आणि ओरडतो, "आता लग्न करता येईल!" त्याच्या मनात त्याची मैत्रीण शिनोबू असते. लमला वाटतं, मागणी आपल्यालाच घातली. ती उडते, विजेचे झटके देते, पण या एका गैरसमजापुढे तिचंही काही चालत नाही.

सांजवेळ
त्यांनी 13 लिहिलंय, 195 नाही! 24 मिनिटांनी गुणलं तर 78 तास होतात. रोज एक म्हटलं तरी साडेसहा महिने. त्यापेक्षा 2022ची नवी घ्या. 23 अधिक 23, म्हणजे 46 भाग. निवडक गोष्टी घेतल्या आहेत आणि रुमिको ताकाहाशींच्या मूळ मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) शेवटापर्यंत नेलंय.

गोंदण
46 तरी 13च्या आत कुठे बसतात? आणि कोणतीही घ्या, डब नको. वाक्याच्या शेवटी "दाच्चा" म्हणायची लमची लकब सबटायटलमध्ये उतरत नाही, ती कानानेच ऐकावी लागते.

रानवारा
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? 'फुल मेटल पॅनिक? फुमोफ्फु', 2003, क्योतो ॲनिमेशन, 12 भाग. लहानपणापासून रणांगणात वाढलेला सोसुके शाळेत येतो. पहिल्याच भागात आपल्या बुटांच्या कप्प्याला कोणीतरी हात लावलाय हे त्याच्या लक्षात येतं आणि तो सरळ स्फोटकं लावून कप्पा उडवतो. आत चिठ्ठी होती, प्रेमपत्र. विनोद, स्वभाव, अडचण, सगळं त्या एका कृतीत येतं. 2002ची मुख्य मालिका आधी बघितली तर चांगलं, नाही बघितली तरी अडत नाही.

सांजवेळ
पण यात विज्ञानकथा किती? यंत्रमानवांच्या लढाया मुख्य मालिकेत आहेत, इथे बहुतेक शाळाच.

रानवारा
सोसुके असा का वागतो याचं कारण विज्ञानकथेतूनच येतं. रोबो दिसलाच पाहिजे असा नियम नाही.

कातळशिल्प
'नादेसिको', 1996-97, 26 भाग. अकितोला स्वयंपाकी व्हायचंय, पण अंतराळजहाजावर लढाऊ यंत्रमानव चालवावा लागतो. त्या यंत्रांना वीज जहाजाकडून गुरुत्वलहरींच्या झोतातून मिळते. झोताच्या कक्षेबाहेर गेलं की यंत्र फार वेळ चालत नाही. म्हणजे भांडण झालं तरी पळून जायची सोय नाही, परत त्याच जहाजावर, कॅप्टन युरिकासमोर. कथेचं तंत्रज्ञान असं प्रेमकथेच्या कामी यावं लागतं, नाहीतर अंतराळ हा नुसता पडदा राहतो. एक सूचना: तिसऱ्या भागात धक्का आहे, आणि 1998चा चित्रपट लगेच बघू नका, त्याचा सूर फार उदास आहे.

सांजवेळ
नादेसिकोला अनुमोदन. पण पाच नायिकांची अट तिथे थोडी मोडते, अकितोवर बऱ्याच जणींचा जीव आहे.

पाणकोंबडा
1982ची 'मॅक्रॉस' अजून कोणी कशी सांगितली नाही? 36 भाग. चौथ्या भागात वैमानिक हिकारू आणि पुढे गायिका होणारी मिनमे अंतराळजहाजाच्या बंद भागात बारा दिवस अडकतात. सुटका होणार नाही असं वाटल्यावर दोघं लुटुपुटूचं लग्न लावतात. शत्रू म्हणजे परग्रहवासी झेंट्राडी, माणसाच्या पाचपट उंच, त्यांच्यात पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या राहतात. चुंबन म्हणजे काय हे दाखवायला ते कैदेतल्या हिकारू आणि जहाजावरची अधिकारी मिसा यांना भाग पाडतात आणि बघून स्वतःच हादरतात. माणसांचा वैमानिक मॅक्स आणि झेंट्राडी वैमानिक मिलियाची जोडी तर व्हिडिओ गेमपासून सुरू होते, चाकूच्या मारामारीतून थेट लग्नाला पोचते. फक्त 27व्या भागाला थांबा. युद्ध तिथे संपतं. 28 ते 36 मध्ये दोन वर्षांनंतरची रडारड आहे, चित्रणही घसरलंय.

कातळशिल्प
सहमत, 27ला थांबा.

गोंदण
27च. आणि मग 'उरुसेई यात्सुरा'.

मेघमल्हार
सगळ्यांचे आभार. 'फुमोफ्फु' अटीत बसत होती, तरी 'मॅक्रॉस' घेतेय, पूर्ण 36. तुम्ही सगळे जे भाग सोडायला सांगताय तेच मला बघायचे आहेत. युद्ध संपल्यावर, जीव धोक्यात नसताना, हिकारू मिनमे आणि मिसा या दोघींपैकी कोणाकडे जातो आणि किती टाळाटाळ करतो, हाच तर माझा प्रश्न होता. 13ची अट गेली. 1984चा चित्रपट कधी बघू?

पाणकोंबडा
36 झाल्यावरच. तो पुढचा भाग नाही. तीच गोष्ट बदलून पुन्हा सांगितली आहे, आधी बघितला तर घटनांची गल्लत होईल. आणि चुकून 'रोबोटेक' लावू नका. त्यात तीन वेगळ्या मालिका जोडल्या आहेत, नावं बदलली आहेत आणि मिनमेची मूळ गाणीही नाहीत.